कूलरच्या खोलीतला बेस

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला माझ्याबद्दल चांगलं मत करून घेण्याचे कष्ट पडणार नाहीत. मे महिन्यात मी दोन दिवस नागपूरला गेलो. तिथे एका मुलीने विश्वासाने विचारलेल्या प्रश्नाचं खोटं उत्तर दिलं, आणि त्या खोट्याला टेकू म्हणून एका म्हाताऱ्या बाईला तिने न केलेला गुन्हा स्वतःच्या अंगावर घेऊ दिला. माझं वय बावन्न. नोकरी विम्याचे दावे तपासण्याची, म्हणजे पगार घेऊन लोकांचं खोटं पकडण्याची. त्यामुळे माझं खोटं चांगल्या दर्जाचं असतं.

बोलावणं सुधीरचं होतं. सुधीर माझा कॉलेजातला मित्र. पुण्याला आम्ही लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचो, तो ड्रम आणि मी बेस गिटार. बेस म्हणजे चार जाड तारांची लांबलचक गिटार. ती वाजत असते तेव्हा कुणाचंही तिच्याकडे लक्ष नसतं, आणि ती थांबली की मांडवातल्या लोकांना वाटतं, वीज गेली की काय. माझा बेस मी लग्नानंतर विकला आणि फ्रिज घेतला. फ्रिज केव्हाच भंगारात गेला. बोटं मात्र अजून जेवणाच्या टेबलावर वाजतात आणि बायको दर वेळी पाण्याचा ग्लास लांब सरकवते.

सुधीरची मुलगी संघमित्रा, घरात मितू, नागपूरजवळच्या बुटीबोरीतल्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. ती वस्तीतल्या भीमगीतांच्या मंडळात बेस वाजवते. आजवर एका ओळखीच्या माणसाचा बेस मागून आणायची; त्याने तो परत नेला. बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम पंधरा दिवसांवर होता. नागपूरच्याच जरीपटका भागात एक जुना बेस विकायचा आहे असं तिला कळलं आणि सुधीरने फोन केला, "तू ये बे. आम्हाले काय कळते? फसवतील पोरीले."

फसवणारा माणूस नाशिकहून रेल्वेने निघाला.

सकाळी नागपूर स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं तेव्हा आठ वाजले होते आणि ऊन बाराचं होतं. सुधीरने मला पाहिलं, मिठी मारली आणि म्हणाला, "केस नाशकातच ठेवून आला का बे?" मग माझ्या डोक्याभोवती स्वतःचा दुपट्टा गुंडाळला. मे महिन्यातल्या नागपुरात सगळेच दरोडेखोर दिसतात, त्यामुळे मी वेगळा उठून दिसत नव्हतो.

घरी पुष्पावहिनींनी तर्री पोहे दिले. तर्री म्हणजे हरभऱ्याचा झणझणीत रस्सा, वर लाल तेलाचा तवंग; तो पोह्यांवर ओततात आणि पोहे दिसेनासे होतात. मी दोन घासांत रडायला लागलो.

"भाऊजी, इतके काहून (का) भावुक होऊन राहिले? अजून तर आम्ही काही बोललोच नाही," वहिनी म्हणाल्या आणि आणखी एक डाव ओतला.

मितू समोर वही घेऊन बसली होती. खरोखरची वही. "काका, जुना बेस घेताना काय काय पाहायचं, लिहून घेते."

मी प्रवचन दिलं, आणि ते चांगलं होतं, हेच तर दुःख आहे. आधी बेस बंदुकीसारखा डोळ्यासमोर धरून मानेवरून, म्हणजे लांब दांडीवरून, नजर टाकायची, मान सरळ आहे का पाहायचं. मग मानेवरच्या धातूच्या एकेका आडव्या पट्टीवर तार दाबून वाजवायची, कुठे खरखर येते ते ऐकायचं. मान जिथे धडाला जोडलेली असते तिथे भेग आहे का ते बघायचं. बटणं फिरवायची. आणि शेवटी पाच मिनिटं नुसता मांडीवर घेऊन बसायचं, कारण अंगाला न पटणारा बेस कितीही स्वस्त असला तरी महागच. मितूने शेवटच्या वाक्याखाली रेघ मारली.

दिवसभर कुणी बाहेर पडलं नाही. संध्याकाळी ऊन उतरल्यावर आम्ही दोघं तिच्या स्कूटरवरून जरीपटक्याला निघालो. तिथल्या बाजारात शनिवारची गर्दी होती. मितू हॉर्नवरून बोट न काढता हातगाड्यांमधून जागा काढत होती.

गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांचं घर. दार उघडलं निर्मलाबाईंनी. सत्तरीच्या, बारीक, आणि आवाज दणदणीत. आत गेल्यावर त्या आवाजाचं कारण कळलं. खिडकीत कपाटाएवढा पत्र्याचा कूलर होता आणि तो विमानासारखा घोंघावत होता. त्या घरात राहायचं तर ओरडूनच बोलावं लागणार.

"बसा जी! आमच्या ह्यायचा बेस पाहाले आले न? हा काय!"

दिवाणावर उशी, उशीवर बेसची पेटी, पेटीवर चादर. भिंतीवरच्या फोटोत त्यांचे यजमान तोच बेस छातीशी धरून हसत होते.

"हे म्हणायचे, लाकडाले नागपूरचं ऊन सोसत नाही. मले सोसते! म्हणून हा कूलरच्या हवेत दिवाणावर, अन् मी सयपाकघरात पंख्याखाली. चाळीस वर्षं सवत सांभाळली जी मी."

पेटी उघडली. डांबराच्या गोळ्यांचा वास आला. दोन स्वेटर, एक मफलर, आणि त्याखाली तो. जपानी बनावटीचा, जुना, मधाच्या रंगाचा. पाठीवर पट्ट्याच्या बकलाने घासून घासून पांढरा झालेला गोल, म्हणजे शोभेला ठेवलेला नाही, वाजवलेला. मी तो मांडीवर घेतला आणि पाच मिनिटांची गरज पडली नाही. माझ्या मनात जे आलं ते सभ्य माणसाच्या मनात दुसऱ्याची वस्तू बघून येऊ नये.

"तारा किती जुन्या आहेत?" मितूने विचारलं.

"कोणाले ठाऊक! दर दिवाळीले उकळायचे. सोडा टाकून, माह्या वरणाच्या गंजात (पातेल्यात). मग आठ दिवस वरणाले ऑर्केस्ट्राचा वास."

मितू हसली. मीही हसलो, कारण होस्टेलच्या चहाच्या भांड्यात मीही उकळल्या होत्या. नव्या तारा परवडत नाहीत तेव्हा सगळेच बेसवाले उकळतात. मळ निघतो आणि तार पुन्हा खणखणते.

"अन् होळी झाली का तारा ढिल्या करायच्या, पाऊस पडला का पुन्हा ताणायच्या. हे गेले त्याले दोन वर्षं झाली. मी बरोबर होळीले ढिल्या केल्या, त्यायच्यासारख्याच. पण ताणता मले येत नाही. तशाच राहिल्या."

हे ऐकताच मला सगळं कळलं. बेसच्या मानेच्या पोटात एक लोखंडी सळई असते. तारा मान पुढे ओढतात, सळई मागे ओढते, आणि त्या भांडणात मान सरळ राहते. तारा दोन वर्षं ढिल्या, त्यामुळे सळईचं फावलं आणि मान जराशी मागे वाकली. मी तारा ताणून वाजवून पाहिलं. वरच्या पट्ट्यांवर खरखर होती. कोरड्या हवेने लाकूड आक्रसून पट्ट्यांची टोकं बोटाला टोचत होती. बटण फिरवलं की करकर यायची, ती धुळीची. सळईला पाव वळसा, कानशीचे दोन हात, धूळ काढणाऱ्या औषधाचा एक फवारा. एका रविवारचं काम.

"काका, घेऊ न?" मितूचे डोळे पेटीवरून हलत नव्हते.

मी बेस बंदुकीसारखा धरला, एक डोळा मिटला, आणि नाशिकच्या माझ्या भिंतीवर हा बेस टांगायचा खिळा मला स्पष्ट दिसला.

"नको," मी म्हणालो. "मान गेली. पट्ट्या निघाल्यात. बटणं करकरतात. कचरा आहे."

तिन्ही गोष्टी तिने स्वतःच्या कानांनी ऐकल्या होत्या, बोटांनी तपासल्या होत्या. मी फक्त सर्दीला क्षय म्हणालो.

मितूने वही मिटली. एकदाच तारांवरून हात फिरवला. निर्मलाबाई मात्र माझ्याकडे बघत होत्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच इतका खाली आला की कूलरमुळे नीट ऐकू येईना.

"माह्यानं बिघडलं का जी? मी ढिल्या ठेवल्या म्हणून?"

इथे 'नाही' म्हणायला एक श्वास पुरला असता. मी घाम पुसला आणि म्हणालो, "होतं असं कधी कधी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरात जाहीर केलं की संत्रा बर्फी आणायला जातो, आणि रिक्षा करून जरीपटक्याला गेलो. निर्मलाबाईंनी दार उघडलं तेव्हा त्यांचे डोळे झोप न झाल्यासारखे होते.

"काल तर कचरा म्हणे?"

"लहान मुलांना शिकायला चालेल," मी म्हणालो. एकदा सुरुवात केली की पुढचं आपोआप सुचतं.

"न्या मग. काल मोठी किंमत सांगितली होती, आता अर्धी द्या. बिघडवलेल्या मालाचे पुरे पैसे कशाले घेऊ?" त्यांनी स्वेटर काढून घेतले, मफलर पेटीतच ठेवला. "राहू द्या तो. गाडीत धक्के लागतात."

रिक्षावाल्याने पेटीकडे बघून विचारलं, "मशीनगन हाय का भाऊ?" मी म्हणालो, "हो." दोन दिवसांत बोललेल्या गोष्टींपैकी हीच त्यातल्या त्यात निरुपद्रवी.

पेटी स्टेशनवरच्या सामानघरात टाकून घरी आलो.

"बर्फी?" वहिनी.

"दुकान बंद होतं."

"नागपुरात? रविवारी? बर्फीचं?" त्यांनी सुधीरकडे पाहिलं. सुधीर म्हणाला, "ऊन लागलं याले. कांदा द्या कोणी."

दुपारी सुधीर आणि मितू मला स्टेशनवर सोडायला आले. गाडी लावायला जागा नव्हती, पोलीस शिट्ट्या फुंकत होता, त्यामुळे मी बाहेरच उतरलो आणि देवाचे आभार मानले. तेवढ्यात मितू मागून धावत आली. हातात एक चपटं पाकीट.

"काका, हे घ्या. नव्या तारा आहेत. बेस मिळणारच असं वाटलं होतं, म्हणून आधीच घेऊन ठेवल्या. उकळाव्या नको लागायला." ती हसली. "आता मी तर वाजवून नाही राहिली. तुम्ही घ्या एखादा चांगला बेस. तुमच्या इतकं कळणाऱ्या माणसाकडे बेस नाही, हे काही बरोबर नाही."

मी पाकीट घेतलं. थँक्यू म्हणालो. सामानघरातून पेटी सोडवली आणि गाडीत चढलो. इतका मी निगरगट्ट.

पेटी वरच्या बर्थवर ठेवली. समोरच्या गृहस्थांनी विचारलं, "वाजवता का?" मी हो म्हणालो. "मग दाखवा की." पेटी उघडली, मफलर बाजूला केला. बेस मांडीवर घेतला. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो क्षण. आणि बोटांना काही सुचेना. डोक्यात गाणं नव्हतंच, एकच वाक्य फिरत होतं: माह्यानं बिघडलं का जी. ती बाई आता रिकाम्या दिवाणाकडे बघत बसली असेल. चाळीस वर्षं ज्या वस्तूसाठी कूलर सोडला, ती आपल्याच हाताने मारली असं समजून. आणि उरलेलं आयुष्य तेच समजत राहील, कारण खरं काय ते माहीत असलेला एकमेव माणूस नाशिकला चालला होता.

वर्धा आलं. मी पेटी बंद केली आणि उतरलो. समोरचे गृहस्थ ओरडले, "अहो, तुमची बॅग!" बॅग त्यांनी खिडकीतून दिली. परतीची गाडी दीड तासाने होती. फलाटावर बसून मी सगळी वाक्यं जुळवली. त्यात 'गैरसमज' हा शब्द तीनदा आला तेव्हा ती सोडून दिली.

संध्याकाळी मितूने दार उघडलं. मला पाहिलं, मग पेटी पाहिली. विमा खात्यात पंचवीस वर्षं काढून मला शिकता आलं नाही ते तिने एका नजरेत केलं.

"चांगला आहे न तो?" ती म्हणाली.

"उत्तम आहे. मला हवा होता म्हणून मी..."

सुधीर आतून ओरडला, "कोण आलं?" मितू म्हणाली, "बर्फीवाले काका." मग माझ्याकडे वळून, "मला नंतर सांगा. आधी तिथे चला."

स्कूटरवर ती पुढे, मी मागे, मध्ये पेटी. गर्दीतून तिने स्कूटर कालच्यापेक्षा जोरात काढली. माझा गुडघा दोन हातगाड्यांना लागला, तेही मी तोंड मिटून सोसलं.

निर्मलाबाई दिवाणावर बसल्या होत्या, अगदी कडेला, अजून मधली जागा कुणाची तरी असल्यासारख्या. मी पेटी समोर ठेवली आणि बोलायला लागलो. सळई, पाव वळसा, धूळ, माझी हाव. पाच-सहा वाक्यं झाली असतील.

त्यांनी हात वर केला. "काही ऐकू नाही आलं जी."

मग उठल्या आणि भर मे महिन्यात, नागपुरात, त्यांनी कूलर बंद केला.

पंखा घरघरत थांबला. पाण्याचे थेंब पडायचे थांबले. गल्लीतली पोरं, शेजारणीचा कुकर, सगळं एकदम ऐकू यायला लागलं. म्हणजे मीही सगळ्यांना ऐकू जाणार होतो. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला. मितू दाराला टेकून उभी होती. निर्मलाबाई फोटोखाली जाऊन उभ्या राहिल्या.

"आता बोला. अन् जोरात. काल कचरा जोरात म्हटला होता."

"बाई," मी जोरात म्हणालो, "बेस अजिबात बिघडलेला नाही. मला तो हडपायचा होता म्हणून मी खोटं बोललो. तारा ढिल्या राहिल्या म्हणून मान जराशी वाकली, ती पाव वळशात सरळ होते. तुमच्या हातून काही बिघडलं नाही. माझी चूक झाली. मला माफ करा."