कांद्याचा पापुद्रा

कांदा सोलताना पातळ पापुद्रा बोटाला चिकटला की उमरग्याची शाळा आठवते. तिथं मैत्रिणीला सूक्ष्मदर्शकाखाली पहिली पेशी मीच दाखवली होती. पुढं मी संसारात पडले आणि ती शास्त्रज्ञ झाली. एकदा ती घरी आली आणि सगळं विसरत चाललेल्या माझ्या आईजवळ बसून म्हणाली, "काकू, मेंदूतल्या पेशी का मरतात अन् न्यूरोपेप्टाइड नावाचे बारीक रेणू त्यांना वाचवतात का, ते मी शोधते." मी चहा घेऊन आले, तर आई तिचा हात धरून मला सांगते, "बघ, माझी लेक किती शिकली!" ती गडबडली, "काकू, तुमची लेक ही." आई हसली, "न्हाय गं, ही रोज कामाला येती. लई चांगली हाय." आता आई नाही. मैत्रिणीचं संशोधन मात्र चालू आहे आणि ते फसावं, असं मला अजून वाटतं.