अठरा मिनिटांचं दळण

संघपाल सोनकांबळे दिवसा विम्याच्या कचेरीत कारकुनी करतो आणि आठवड्यातून तीनदा संध्याकाळी बेस गिटार वाजवतो. बेस म्हणजे चार जाड तारांची ती गिटार, जी वाजत असताना कुणाच्या लक्षात येत नाही आणि थांबली की गाणं लंगडं होतं. गडी स्वभावानंही तसाच. हैदराबादेत काचीगुड्याच्या दोन खोल्यांच्या घरात गॅस संपला, नळ गळला, आईला दवाखान्यात न्यायचं झालं, तर धावतो संघपाल. नाव मात्र निघतं पुण्याच्या थोरल्या भावाचं, विकासदादाचं.

आणि निघतं ते थेट ओवीत. आई पंचफुला देगलूरकडची. रेल्वेतल्या नवऱ्यामागं हैदराबादला आली ती दगडी जातं घेऊनच. इमारतीखाली पिठाची गिरणी आहे, पण गिरणीचं पीठ गरम निघतं, असं सांगून बाई चौऱ्याहत्तराव्या वर्षीही रोज चार मुठी ज्वारी स्वतः दळते. पहिली ओवी बुद्धाला, दुसरी बाबासाहेबांना आणि तिसरी ठरलेली:

काचीगुड्याच्या टेसनात गाडी उभी सात डब्याची,
विकास माझा लेक, सही त्याची रुबाबाची.

संघपाल नऊ वर्षांचा असताना त्यानं एकदा विचारलं होतं, "माय, माझं नाव कधी घेशील?" तेव्हा विकासदादा वसतिगृहात राहून शिकत होता. माय म्हणाली, "जो लांब हाय त्याला हाक मारायची असती. तू हितंच बसलास की." उत्तर चोख होतं. संघपालला ते पटलं, आणि पुढची सदतीस वर्षं रुतून बसलं. एवढा बाप्या, डोक्यावरचे केस विरळ झालेले, पण जात्याची घरघर सुरू झाली की तिसऱ्या ओवीला याचे कान टवकारायचे. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही, बायको दीक्षालासुद्धा नाही.

बँडचं नाव 'सव्वासात'. सरावाची वेळ सव्वासातची ठरली होती. ती बावीस वर्षांत एकदाही पाळली गेली नाही, पण नाव राहिलं. माणसं तीन. युवराज सुलतान बाजारात वडलांच्या साड्यांच्या दुकानात बसतो. बारा वर्षं ख्याल शिकलाय आणि गिऱ्हाईक नसलं की पदरांच्या घड्या घालत ताना घेतो. विकी गौलीगुड्याचा, हलगीवर वाढलेला आणि पुढं ड्रमवर गेलेला. तिसरा संघपाल, या दोघांची भांडणं सोडवणारा. हलगी, ख्याल आणि रॉक एकाच गाण्यात नांदवायचे, हा त्यांचा हट्ट. याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात, असं ते सांगत. पहिली आठ मिनिटं लोकांना वाटायचं, अजून माईकच तपासतायत.

पहिला कार्यक्रम गणपतीच्या मांडवात झाला. पोरं नाचायला आली आणि ताल निघाला सात मात्रांचा. मंडळाचे भगवंतराव वर येऊन हात जोडून म्हणाले, "बाबांनो, हा वरचा पाय आम्ही आणायचा कुठून?" नंतर एका कॉलेजात अकराव्या मिनिटाला वीज गेली आणि अंधारात जोरदार टाळ्या पडल्या. एका हॉटेलात मालकानं मध्येच क्रिकेटचा सामना लावला, तेव्हा युवराजही आलाप घेता घेता धावसंख्या बघत होता.

त्यामुळं त्यांचं 'मोठं गाणं' कधीच शेवटापर्यंत पोचलं नाही. खरी गोम अशी की त्या गाण्याला शेवटच नव्हता. युवराजला तिहाई हवी होती, म्हणजे एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर थांबणं, आणि विकीला हलगीचे तीन ठोके. बावीस वर्षं दोघंही अडून बसले होते, आणि वीज गेली की तिघांनाही आतून हायसं वाटायचं.

गेल्या वर्षी त्यांना एका मोठ्या सभागृहातल्या संगीत संध्येचं बोलावणं आलं. वेळ अठरा मिनिटं, एक मिनिटही जास्त नाही. विजेसाठी जनरेटर होता, म्हणजे तीही वाट बंद.

त्या रविवारी युवराजच्या गोदामात माल उतरत होता म्हणून सराव संघपालच्या घरी झाला. आत पंचफुलाबाई दळायला बसलेल्या. विकीचे हात थांबले. "अम्मा, जरा जोरात गाओ ना," तो स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाला. युवराजनं तानपुऱ्याचं ॲप लावलं. संघपाल गुपचूप सूर धरून बसला. मायच्या आवाजाखाली आपली जाड तार वाजतेय, याचंच त्याला इतकं अप्रूप वाटलं, की ताल चुकला तरी कळलं नाही.

मोठ्या गाण्यात ओव्या घालायच्या हे पाच मिनिटांत ठरलं. बावीस वर्षांत एवढ्या लवकर त्यांचं चहात साखर किती यावरही एकमत झालं नव्हतं. विकीला मराठी वाचता येत नाही. त्यानं सगळ्या ओव्या तेलुगू अक्षरांत उतरवून घेतल्या.

पुढच्या सरावाला पंचफुलाबाईंना नीट खुर्चीवर बसवून समोर माईक दिला. त्या गाऊ लागल्या आणि थांबेचनात. वीस मिनिटं झाली, तीस झाली. युवराजनं दोनदा तिहाई घेऊन पाहिली. चाळिसाव्या मिनिटाला विकीनं काठ्या खाली ठेवल्या.

"अम्मा, रुकनेका कब?"

"मला काय ठावं?" बाई वैतागल्या. "दाणे कुठं हायत? दाणे सरले की ववी सरती. हितं मला सरलेलं कळावं कसं?"

 बावीस वर्षं जो शेवट ते शोधत होते, तो मायच्या सुपात होता.

मग जातंच न्यायचं ठरलं. मोजून पाहिलं, तेव्हा नऊ मुठी ज्वारीला अठरा मिनिटं लागली. "मला घड्याळ दावू नका, ज्वारी दावा," असं बाईंनी बजावलं. जात्याचे दोन्ही दगड आणि बाईंना रिक्षातून नेताना रिक्षावाला म्हणाला, "अम्मा, मिक्सर ले लो ना, कायकू ये पहाड उठाके फिरते?" त्यावर संघपालच खुदकन हसला, कारण हेच वाक्य तो दहा वर्षं म्हणत आला होता.

सभागृहात पहिल्या रांगेत दीक्षा बसली होती. दिवे लागले. बाईंनी जात्याला हात लावून नमस्कार केला, पहिली मूठ टाकली, आणि मोठं गाणं सुरू झालं. बुद्धाची ओवी झाली, बाबासाहेबांची झाली, सात डब्यांची गाडी आली, विकासदादाची रुबाबदार सहीही झाली. युवराज रंगला होता, विकीची हलगी आणि जातं एकमेकांना धरून चाललं होतं. संघपाल मात्र सुपाकडं बघत होता. आठवी मूठ गेली. नववी गेली. जात्यातून शेवटचं पीठ पडलं, आणि कडेला उभ्या संयोजकानं वेळ संपल्याची खूण केली.

जातं थांबलं नाही.

रिकामं जातं फिरवू नये, हे त्या घरात पोरांना चालता येण्याआधी शिकवलेलं. दगडावर दगड घासतो, जातं झिजतं, आणि ते बरंही समजत नाहीत. संघपाल लहानपणी खेळताना असंच फिरवल्याबद्दल पाठीत धपाटा खाऊन बसलेला. आणि आज तीच माय भरल्या सभागृहात रिकामं जातं फिरवत होती. तिनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं आणि ओवी उचलली:

सरली माझी ज्वारी, हात थांबंना गं माझा,
संघपाल माझं बाळ, वाजवी जाड तारांचा बाजा.

संघपालचे हात तारांवरून गळाले. तो रडत होता, सरळ सरळ, चष्मा न काढता. ते बघून युवराज आणि विकीही थांबले. वाजत राहिला तो फक्त दगड, आणि मग तोही थांबला. तिहाई झाली नाही, ठोकेही झाले नाहीत, आणि त्यावरून भांडायचं भान दोघांपैकी कुणालाच उरलं नाही.

ते रेकॉर्डिंग आता इंटरनेटवर आहे. शेवटी बेस काढून टाकण्यात केवढा विचार आहे, असं जाणकार लिहितात. युवराज त्या प्रत्येकाचे आभार मानतो.

परतताना रिक्षात संघपालनं विचारलं, "माय, मी तर तिथंच होतो. मग हाक का मारलीस?"

"त्या उजेडात लई लांब दिसत व्हतास," माय म्हणाली आणि पिठाचं गाठोडं मांडीवर नीट घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्याच पिठाच्या भाकरी झाल्या. पहिल्याच घासाला दीक्षानं तोंड वाकडं केलं. "आत्याबाई, पिठात दगडाची खर आलीय. उरलेलं चाळून घेते."

"चाळू नको," संघपाल म्हणाला. दाताखाली कचकच होत होती. त्यानं एक भाकरी संपवली, आणि ताट पुढं करून दुसरी मागितली.