निम्मी डिस्क मोकळी होती

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिच्यापासून लपवावं असं माझ्याकडं दुसरं काहीच नाही — हे एवढंच आहे. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही वैशालीताईंना ओळखत नाही, कदाचित म्हणूनच.

मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात सर्व्हर सांभाळतो. गाड्यांना लागणारे छोटे छोटे लोखंडी पार्ट बनतात आमच्याकडं. मूळचा देवगाव रंगारीकडचा, मेंढरंवाल्यांच्या घरातला. आमच्यात कॉम्प्युटरला हात लावणारा मी पहिला, त्यामुळं डोक्यात थोडी हवा होतीच. थोडी कशाला — लई होती.

सर्व्हरची डिस्क भरत आली होती. नवी मागितली तर साहेब म्हणाले, बघ काहीतरी जुळवून. मग मी सगळा डेटा दाबून ठेवायची सोय चालू केली. दाबून म्हणजे कसं? आमच्या घरच्या भाषेत सांगतो. लोकर पायानं तुडवून भरली, की तीन पोत्यांची एका पोत्यात मावते. मोजमापाच्या नोंदी लोकरीसारख्या असतात, मस्त दबतात. म्हणून मी सर्व्हरला सांगून टाकलं, की बाबा, तुझी डिस्क आहे त्याच्या तिप्पट आहे असं समज. त्यानं समजून घेतलं. स्क्रीनवर ऐसपैस मोकळी जागा दिसायला लागली. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली, अन् मी ती थोपटून घेतली.

पुढं क्वालिटीवाल्यांनी प्रत्येक पार्टचा फोटो काढून ठेवायला सुरुवात केली. फोटो म्हणजे ज्वारी. कितीही तुडवा, पोत्यात मावायची तेवढीच मावणार. स्क्रीन मात्र जुन्याच हिशोबानं सांगत राहिली — निम्मी डिस्क मोकळी. खरी जागा किती उरली हे बघायची कमांड वेगळी, अन् ती फक्त मलाच माहीत. मी बघायचो. बघून गप बसायचो. तोंड उघडायचं म्हणजे आपली करामत फसली हे आपल्याच तोंडानं सांगायचं, नाही का? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मूठ आवळून बसलो.

डिस्क खरोखर भरली त्या दिवशी मी रजेवर होतो. खुलताबादला मावसभावाचा साखरपुडा होता. पंगतीत बसलो असताना फोन थरथरला — सर्व्हरचा इशारा. वाचला, अन् फोन पालथा घातला. जेवण झाल्यावर बघू म्हटलं. जेवण झाल्यावर पान खाल्लं, फोटो काढले, पाहुण्यांशी गप्पा मारल्या.

अन् इकडं कारखान्यात वैशालीताई मोजत होत्या.

त्या करमाडच्या. पार्ट तपासायचं काम त्यांचं. मोजायचं गेज स्वतःच्या हातरुमालात गुंडाळून ठेवायच्या, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. वैशाख पौर्णिमेला डबाभर खीर आणायच्या, अन् त्यातली वाटीभर आठवणीनं माझ्या टेबलावर यायची. त्या दिवशीही त्यांनी एकेक पार्ट मोजून टॅबवर भरला. हिरवी टिक येत गेली. टिक येते ती सर्व्हरनं नोंद हातात घेतली म्हणून. पण हातातली खाली ठेवायला त्याला जागाच नव्हती — हे त्यांना कसं कळावं?

दुसऱ्या दिवशी आलो तर सर्व्हर अडकलेला. जुन्या कॉप्या उडवून जागा केली, तो पुन्हा चालू केला. आदल्या दिवसाच्या नोंदी गेल्यात हे मला तेव्हाच दिसलं होतं. गरमीनं अडकला असंल, असं सांगून मी चहाला गेलो.

पुढं काही आठवड्यांनी गिऱ्हाइकानं नेमका त्याच दिवसाचा माल परत पाठवला अन् मोजमाप मागितलं. ते नव्हतंच. साहेबांच्या केबिनमधे वैशालीताई उभ्या होत्या, शेजारी मी.

“एकेक पार्ट मोजलाय साहेब. हिरवी टिक आली व्हती,” त्या म्हणाल्या.

साहेबांनी मला विचारलं, त्या दिवशी सर्व्हरमधे जागा होती का?

मी त्या दिवसाचा आकडा काढून लॅपटॉप त्यांच्याकडं वळवला. “होती साहेब. निम्मी डिस्क मोकळी होती.”

आकडा मी बनवला नव्हता. स्क्रीनवरच होता. पुढं कितीतरी दिवस मी स्वतःला हेच सांगत होतो — आपण खोटं कुठं बोललो? पण खरं दिसणारा आकडा निवडून पुढं करणारा माणूस काय असतो? लबाडच की. अन् वर भित्राही.

त्यांना तपासणीवरून काढून पॅकिंगला टाकलं. न मोजता टिक मारणारी बाई, असं कॅन्टीनमधे बोललं जायचं. मी तिथंच जेवत असायचो.

हे एवढंच असतं, तरी कदाचित तुम्हाला सांगितलं नसतं. पण काम सोडायच्या आदल्या दिवशी त्या मला बसथांब्यावर भेटल्या. त्या चिडलेल्या असतील म्हणून मी मान खाली घालून उभा राहिलो. तर त्याच जवळ आल्या.

“तुमच्यावर राग नाय दादा. मशीन कशाला खोटं बोलंल? माझ्याच हातनं राहिलं असंल. मला आता नीट आठवत बी नाय.”

सांगायचं तर तेव्हाच सांगायचं होतं. आम्ही दोघंच होतो, तिसरं कुणी ऐकायला नव्हतं. मी काय म्हणालो माहितीय? “व्हतं असं कधी कधी, ताई.” त्यांना बरं वाटावं असा आवाज काढून म्हणालो. करमाडची बस आली, त्या चढल्या, अन् मला चक्क हायसं वाटलं.

त्यानंतर मी नवी डिस्क मागितली. साहेबांनी एका शब्दात हो म्हटलं.

मागच्या महिन्यात गुलमंडीला ब्लाउजपीस घ्यायला गेलो होतो. दुकानाच्या दारातूनच वैशालीताई दिसल्या. गल्ल्यापलीकडं उभ्या राहून कापड मोजत होत्या. मोजलं, उलगडलं, पुन्हा मोजलं. गिऱ्हाईक बाई म्हणाली, झालं की हो, बरोबर आहे. तरी त्यांनी कात्री उचलली नाही, पट्टी पुन्हा पहिल्या टोकाला लावली. ज्या बाईचा हात गेजवर कधी अडखळला नव्हता, तिला कापडाच्या तुकड्याची खात्री वाटत नव्हती. ही माझी करणी. मी पायरीवरूनच मागं फिरलो. बायकोला म्हणालो, दुकान बंद होतं.

त्या दिवशी डिस्कवर जागा नव्हती. वैशालीताईंनी सगळे पार्ट मोजले होते.