शनिवारच्या चपला

आमच्या साडूंनी उभ्या आयुष्यात एकाही माणसाचं तोंड आधी पाहिलेलं नाही. ते पायांपासून सुरुवात करतात आणि वर येत येत, वेळ मिळालाच तर, चेहऱ्यापर्यंत पोचतात. माझ्या लग्नात वरातीतून उतरून मी मांडवाच्या दाराशी उभा होतो, तेव्हा सासरचे हे थोरले जावई माझ्याशी पहिलं वाक्य बोलले ते असं : "नवी केली वाटते. जुनी कुठी ठेवली?" सासुरवाडीचे पंचवीस-तीस लोक ऐकत होते. मी घाम पुसत, माझं हे पहिलंच लग्न आहे, असं काहीसं पुटपुटलो. चौकशी मोजडीची होती. जुनी चप्पल बुलढाण्याला खोलीवर आहे असं कळल्यावर त्यांचा जीव शांत झाला, आणि सत्यनारायणाच्या दिवशी नव्या जोडप्याला बघायला म्हणून आले ते चप्पल घेऊनच परत गेले.

नांदुऱ्याला स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. दुकान म्हणायचं ते पाटीमुळे, आत शिरल्यावर सायकल शोधावी लागे. जिकडेतिकडे चपलांची पोती. तुटलेला अंगठा, निघालेला पट्टा ते सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा लावून असा पक्का बसवत की नवी असतानाही ती चप्पल इतकी मजबूत नसेल. दिसायची मात्र भयंकर. जिल्ह्यात कुठे आग लागली, नदी घरात शिरली, गाडी उलटली, की बाकीची मंडळी धान्य, ब्लँकेटं, बिस्किटांचे पुडे घेऊन धावत आणि साडू चपलांचं पोतं घेऊन. मदत वाटणाऱ्यांच्या फोटोत ते कधीच दिसले नाहीत, कारण फोटो निघताना ते कुणाच्या तरी पायाशी वाकलेले असत. "जेवन सगयेच आनते, साडभाऊ," ते मला सांगत. "पायाकडं कोनी पायते काय? घर सोडून पयनारा मानूस चप्पल घालत बसंन काय? भूक मंगून लागते, पाय तं आताच जयते."

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते तरुणपणी, दुसरबीडजवळ. त्यांच्या डोळ्यांदेखत एक जीप उलटली. लोकांनी माणसं बाहेर काढली, दवाखान्यात न्यायला एक टेम्पो थांबवला, पण हात मोडलेली एक म्हातारी काही केल्या टेम्पोत चढेना. "अशी अनवानी कशी जाऊ मी दवाखान्यात? लोकं काय म्हनतीन?" लोक तिच्यावर ओरडले, काही जण हसलेही. साडूंनी आपल्या पायातल्या चपला काढून तिच्या पायात घातल्या, तेव्हा ती मुकाट्याने चढली. ही गोष्ट सांगताना त्यांचा आवाज दर वेळी खाली येई. "तिचं सगयं गेलं व्हतं, साडभाऊ. लाज तेवढी उरली व्हती. थे तरी झाकाले पायजे का नाई?"

त्यानंतर चपला जमवण्यात त्यांनी लाज ठेवली नाही. लग्नाच्या पंगतीत वाढायचं सोडून ते मांडवाबाहेर उभे राहत आणि झिजलेल्या टाचा हेरून ठेवत. दुकानाशेजारच्या बेकरीवाल्या चाचांनी मला एकदा गंभीरपणे सांगितलं, "ये नांदुरे में रहे ना, तो मैं चप्पल हाथ में लेके नमाज़ को जाता." चोरी त्यांनी कधी केली नाही. ते नुसते मागत राहत, आणि शेवटी माणूस कंटाळून पायातली काढून देई. पण खरी आवक शनिवारची. आमच्याकडे पाठीमागे पनवती लागली, काही केल्या काही धड होईना, की लोक शनिवारी मारुतीच्या दर्शनाला जातात आणि येताना चप्पल तिथेच सोडून येतात. चपलेबरोबर पनवतीही सुटते म्हणे. रविवारी सकाळी साडू देवळापाशी हजर. पोतं भरून घेताना मारुतीकडे पाहून म्हणत, "तुले त्याचं काय काम? तू तं अनवानीच हायेस."

आणि याच माणसाला साखरेचा आजार निघाला. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी त्यांच्या तळपायाला टाचणी टोचली आणि विचारलं, काय वाटतं? साडू म्हणाले, "टाचनी स्टीलची दिसते." दुखलं बिखलं काहीच नव्हतं. डॉक्टरांनी बजावलं की पायाची जाणीव गेली आहे, घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही, एक जखम झाली तर पाय जाईल. ताई, म्हणजे माझी मेहुणी, त्या दिवसापासून नवऱ्याच्या पायांवर पहारा करू लागली. चपला घालून पाठवावं तर हा गृहस्थ वाटेत कुणाला तरी देऊन परत येई. मग मी बक्कलवाले सँडल आणले, काढायला निदान वेळ तरी लागेल म्हणून. ते सँडल महिनाभरात एका हमालाच्या पायात दिसले. साडू भर रस्त्यात बसून त्याला बक्कल लावायला शिकवत होते. ताईने हात टेकले आणि मी दुसरे सँडल आणले.

गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात मी एका लग्नासाठी नांदुऱ्याला गेलो होतो. दुपारी बातमी आली की रेल्वेलाइनीपलीकडच्या वस्तीला आग लागली. साडूंनी जेवणाचं ताट सारलं. ताई माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमी जा संग. वाटू द्या त्याईले काय वाटाचं थे. पन पायातली पायात राह्यली पायजे." आम्ही पोचेपर्यंत आग विझली होती, म्हणजे जळायला काही उरलं नव्हतं. पत्रे वाकून पडले होते, राखेतून धग येत होती, आणि माणसं रुळांच्या कडेच्या गिट्टीवर एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत उभी होती. साडूंनी पोती ओतली. लोक पुढे आले, पायात घालूनही पाहू लागले. तेवढ्यात भाजी विकणाऱ्या एका बाईने हातातला जोड उलटा करून पाहिला, तळाला शेंदूर दिसला तसा टाकून दिला. "ह्या तं मारोतीपासच्या शनवारच्या चपला हायेत!" पाहता पाहता पायातल्या चपलाही पुन्हा ढिगावर येऊन पडल्या. "आमचं घर जयलं थे कमी झालं काय? लोकायची पनवती आता आमच्या पायात घालून राह्यले?" मला तिचा राग आला नाही. सगळं गेलेल्या माणसाला निदान दुसऱ्याचं दुर्दैव नाकारायचा हक्क असावा.

साडूंनी खाली बसून शांतपणे सँडलची बक्कलं सोडली. मी "अहो" म्हणेपर्यंत त्यांनी ढिगातला एक जोड पायात चढवला, चार पावलं चालले आणि तो काढून त्या बाईपुढे ठेवला. "आली. सगयी पनवती माह्या पायात आली. आता ही मोकयी झाली, घाला." मग दुसरा जोड, मग तिसरा. उंच टाचेच्या लेडीज चपलेत ते लटपटत चालले, लहान पोरांच्या चपलांत नुसता अंगठा खुपसून पुढे सरकले, आणि दर वेळी हिशेब चुकता झाल्यासारखे म्हणाले, "आली." कुणीतरी हसलं. मग सगळेच हसायला लागले. घरं जळून गेलेली माणसं राखेच्या कडेला उभी राहून पोट धरून हसत होती आणि एकेक जण येऊन आपला जोड त्यांच्यापुढे चालून घ्यायला ठेवत होता. मीही हसत होतो. दोन जोडांच्या मधे त्यांचा उघडा पाय तापलेल्या गिट्टीवर, जळक्या पत्र्यांच्या खिळ्यांवर पडत होता आणि त्यांना काही कळत नव्हतं. शेवटच्या काही चपलांवर तांबडे डाग दिसले, ते आम्हाला विटेच्या भुकटीचे वाटले. त्यांचे स्वतःचे सँडल एव्हाना कुणाच्या तरी पायात गेले होते. घरी आल्यावर ताईने तळपाय पाहिला आणि आपल्या पदराने घट्ट बांधला.

आधी अंगठा गेला, मग पाऊल, आणि शेवटी गुडघ्याखालचा डावा पाय. बुलढाण्याच्या दवाखान्यात मी रोज डबा घेऊन जात होतो, म्हणून ती भाजीवाली आली तेव्हा मी तिथेच होतो. नांदुऱ्याहून एसटीने घाट चढून आली होती. पिशवीतून तिने चपला काढून खाटेखाली ठेवल्या, पदर पसरला आणि म्हणाली, "माही पनवती मले वापस द्या, बापू. माह्या घराचं व्हईन थे व्हईन. तुमचा दुसरा पाय तरी राहू द्या." मी खिडकीकडे तोंड फिरवलं. साडू हसून म्हणाले, "बाई, एवढ्यायच्या पनवत्या गोया झाल्या, त्यातली तुही कोनती, मी कशी वयखू?" ती रडत निघाली, आणि तिचे पाय अनवाणी दिसताच हा माणूस उभ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा ओरडला, "चप्पल घाल आधी!" त्यांना रागावलेलं मी तेवढंच पाहिलं.

पाय गेल्याचं दुःख त्यांना झालं असेल, पण ते खचले नाहीत. खचले ते पुढच्या पावसाळ्यात. नदीकाठच्या गावात पाणी शिरलं, साडूंनी टेम्पोवाल्याबरोबर पोती पाठवली, आणि ती न उघडता परत आली. "ज्यानं पनवती घेतली त्याचा पाय कापला," लोक एकमेकांना सांगत होते. इतकी वर्षं ज्या गोष्टीला ते हसत आले, ती खरी असल्याचा पुरावा म्हणून गावोगाव त्यांचाच पाय दाखवला जात होता. ते खोटं पाडायला, चालून दाखवायला आता पायही नव्हता. आता दुकान बंद असतं, पोती उंदरांनी कुरतडली आहेत, आणि ते ओसरीवर खुर्ची टाकून रस्त्याने जाणारे पाय पाहत बसतात. "जुनी कुठी ठेवली?" असं कुणाला विचारत नाहीत.

दिवाळीला मी त्यांच्यासाठी नवी चप्पल घेऊन गेलो. सवयीने जोड घेतला होता, खोका उघडल्यावर चूक ध्यानात आली. साडूंनी उजवी पायात घातली. डावी बराच वेळ हातात धरून तिच्या तळव्यावरून अंगठा फिरवत राहिले, मग माझ्या पिशवीत ठेवली. "हे तुमच्यापासी राहू द्या, साडभाऊ. जिल्ह्याच्या गावाले राह्यता, शंभर लोकं भेटते. कोनाचा तरी उजवा पाय गेला असंन, त्याले लागंन."

ती चप्पल माझ्या पिशवीत आहे. एसटी स्टँडवर, कोर्टाच्या पायऱ्यांशी, दवाखान्याच्या दारात मी आता आधी लोकांचे पाय पाहतो, आणि बायको म्हणते की भाऊजींचं खूळ मला लागलं. रविवारी साडूंचा फोन येतो. प्रकृतीचं काही बोलत नाहीत, एवढंच विचारतात, "भेटला काय कोनी?" मी "नाही" म्हणतो. "चांगलं झालं बाप्पा," ते म्हणतात, आणि मग दोघांपैकी कुणालाच फोन ठेवता येत नाही.