जावयाने बनवलेली वेबसाइट

जावई म्हणजे दशमग्रह, हे मी लग्नाआधी नुसतं ऐकलं होतं. आपण कोणाला लागलो आहोत, हे त्या ग्रहाला स्वतःला कळत नसतं, हे मात्र या संक्रांतीला कळलं. अजून आठवलं की कानशिलं तापतात.

गोंदियात घरी बसून लोकांच्या वेबसाइट बनवायच्या, हा माझा धंदा. सासर नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेल्या एका गावात. सासऱ्यांची धानाची शेती. माझ्या साळ्याने, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाने, घरामागे दोन खोल्या बांधल्या. जंगल पाहायला येणाऱ्यांनी तिथे मुक्काम करावा, चुलीवरचं जेवावं, असा बेत. भिंती त्याने स्वतः रंगवल्या. खोल्या चालल्या तर तो गावात राहणार, नाहीतर रायपूरला गाडी चालवायला जाणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याने जाऊ नये म्हणून सासूबाईंनी नवससुद्धा बोलला होता.

वेबसाइट अर्थातच मी करून दिली. फुकट, आणि फुकटच्या तोऱ्यात. खोल्यांचे फोटो, भाडं, फोन नंबर हे मी थेट पानावर लिहिलं नाही. ते दुसरीकडे ठेवलं आणि पान उघडल्यावर मागून येऊन आपोआप भरलं जाईल अशी सोय केली. साळ्याला भाडं बदलायचं झालं तर माझ्यामागे लागायला नको, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं तर ती पद्धत मला नुकतीच जमू लागली होती आणि कुठेतरी मिरवायची होती.

जंगलाच्या गेटकडे जाणाऱ्या रस्त्यावर बोर्ड लावला. त्यावर क्यूआर कोड आणि खाली ‘खोल्या मिळतील’. साळा म्हणाला, "भाऊजी, नंबर बी टाकू ना मोठ्या अक्षरात. मीच पेंट करतो." मी हसलो. म्हटलं, नंबर वेबसाइटवर आहे, बोर्ड सुटसुटीत राहू दे, आजकाल असे नंबर कोणी रंगवत नाही. त्याने ब्रश ठेवून दिला.

हंगाम सुरू झाला, पण एकही फोन येईना. दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरली, घर पाहुण्यांनी गच्च. तेव्हा साळा हळूच माझ्याजवळ येऊन म्हणाला, "भाऊजी, ते गोल गोल फिरूनच राहिलं. पुढं काहीच येत नाही."

मी खिशातला फोन काढून पाहायचेही कष्ट घेतले नाहीत. सगळ्यांसमोर त्याची कानउघाडणी केली. म्हटलं, "लोक रोज उघडतात, माझ्याकडे मोजणी येते. पाहतात आणि पुढे जातात, म्हणजे खोट तुझ्या खोल्यांत आहे. असला निळा रंग कोणी देतं का? आणि तुझा फोन डबडा आहे, तो आधी बदल." पाहुणे हसले. सासरेही हसले, कारण जावई हसत होता. साळा चहाचे कप गोळा करून आत गेला.

त्यानंतर मी गोंदियाहून फोन करून विचारायचो, "आता दिसतं ना?" फोन कोणीही घेवो, उत्तर एकच. "दिसते जी, मस्त दिसते." उंटावरून शेळ्या हाकणं ते हेच. आमच्या धंद्यात बिघाड शोधायचा तर समोरच्याने काय दिसतं नि काय नाही ते खरं सांगावं लागतं. मला खरं सांगायचं त्या घराने मंडईच्या दिवशीच बंद केलं होतं.

धानाची मळणी आटोपली आणि साळा रायपूरला गेला.

संक्रांतीला बायको बसने पुढे गेली, मी मागून मोटारसायकलने निघालो. वाटेत बोर्डापाशी थांबलो, एका नव्या गिऱ्हाइकाला दाखवायला फोटो हवा होता. तेवढ्यात छत्तीसगडची एक गाडी थांबली. चालवणाऱ्याने काच खाली करून कोड स्कॅन केला. मी बाजूला उभा, मनातून फुललेला. त्याने वाट पाहिली, फोन काचेबाहेर धरला, पुन्हा वाट पाहिली. मग शेजारी बसलेल्या आपल्या बायकोला म्हणाला, "छोड़ो, ये भी बंद पड़ा है." मी तोंड उघडेपर्यंत गाडी निघून गेली.

मग मी स्वतः स्कॅन केलं. वर माझं सुबक शीर्षक, आणि खाली गोल फिरतोय.

तिथेच रस्त्याच्या कडेला उकल झाली. मी सगळं तपासलं होतं ते गोंदियातल्या घरच्या वेगवान इंटरनेटवर. तिथे मागून येणारा मजकूर पापणी लवायच्या आत येतो. इथे नेटवर्कची एक काडी. पान कसंबसं उघडायचं, मोजणीत धरलं जायचं, आणि मजकुराला उशीर झाला की माझाच प्रोग्राम वाट पाहणं सोडून द्यायचा. तसं झालं तर निदान दोन शब्द दाखव, हेही मी त्याला शिकवलं नव्हतं. फोन नंबर त्याच मजकुरात होता. म्हणजे त्या बोर्डापाशी थांबलेल्या कोणालाही फोन करणं शक्यच नव्हतं. नाचता येईना मला, आणि अंगण वाकडं म्हणून मी साळ्याच्या खोल्यांकडे बोट दाखवलं होतं. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

सासरी पोचताच ओसरीवर लॅपटॉप उघडला. नंबर, भाडं आणि दोन लहान फोटो थेट पानात लिहून टाकले. चहा निवायच्या आत काम झालं. परत बोर्डापर्यंत जाऊन पाहून आलो, सगळं दिसत होतं. एवढ्याशा कामापायी पोरगा घर सोडून गेला होता.

बायको हळदीकुंकवाला गेली होती. मी जेवायला बसलो आणि सासू-सासऱ्यांना सांगितलं की चूक माझी होती, खोल्यांची नाही, फोनची नाही.

"असं नोका म्हणू जावईबापू," सासरे घाईने म्हणाले. "इकडं टावरच खराब हाय."

"तुमी कायले मनाले लावून घेता?" सासूबाई म्हणाल्या. "त्याच्या नशिबातच रायपूर होतं." आणि माझ्या ताटात आणखी एक पोळी पडली. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर ती पोळी घशाखाली उतरली असती.

अंगणात जाऊन साळ्याला फोन लावला. सगळं सांगितलं. बोर्डावर नंबर उद्याच रंगवून घेतो, तू परत ये, म्हटलं. पलीकडे ट्रकांचे हॉर्न वाजत होते.

"आता नाही जमत, भाऊजी. सेठनं गाडी हाती देल्ली. सोडून कसा येऊ?" मग म्हणाला, "ताईले सांगतलं काय?"

"नाही अजून."

"मंग नोका सांगू. ते साऱ्या गावात तुमची तारीफ करत फिरून राहिली. तिले लय वाईट वाटन."

मी फोन ठेवला तोच बायको परतली. हातात वाणाची वाटी, चेहरा खुललेला. बायकांना मी बनवलेली वेबसाइट दाखवली म्हणाली, आज लगेच उघडली.

"कोणाशी बोलत होतात?"

"तुझ्या भावाशी."

"काय म्हणाला?"

"काही नाही," मी म्हटलं. "मजेत आहे म्हणाला."