फॉरमॅटवाला केसरीनाथ

भिवंडीजवळच्या वळ गावात केसरीनाथला लोक डॉक्टर म्हणत, आणि डॉक्टरकडे औषध एकच: फॉरमॅट. कंप्युटरवर निळा पडदा दिसला की हा पिशवीतून सीडी काढायचा. तिच्यात दुनियेभरचे ड्रायव्हर भरलेले; कसलीही हार्डडिस्क ती ओळखायची आणि हा ती पुसून नवं विंडोज टाकायचा. "फोटो गेले हो," असं कुणी म्हटलं, तर याचं ठरलेलं, "बॅकअप घेतला होता का? मग!" गिऱ्हाईकच ओशाळायचं. वा रे डॉक्टर!

२००९च्या दसऱ्यानंतर तर त्याला जेवायलाही फुरसत नव्हती. आठवड्यात सात मशीनं बसली. भिवंडीची वीजच तसली, असं निदान करून त्यानं सातही पुसली. प्रत्येकावर तारीख चुकलेली असायची. तेवढी मात्र न विसरता नीट करायचा.

आठवं मशीन त्याच्या घरचं निघालं.

त्यात त्याची आई होती. राहीबाई धवलारीण. तिनं धवळे गायल्याशिवाय आसपासच्या आगऱ्यांकडे लग्न लागत नसे. माघात ती गेली. त्याआधी दोन दुपारी बसवून केसरीनाथनं तिचे धवळे कंप्युटरवर घेतले होते. दुसरी कॉपी? छे! ती फक्त लोकांनी ठेवायची. आणि तुळशीच्या लग्नानंतर पुतणीच्या, भाविकाच्या, हळदीला आजीचाच आवाज लावणार, असं हा सगळ्या भावकीत सांगून बसलेला.

मशीन सुरू केलं की विंडोजचं चिन्ह यायचं, क्षणभर निळं व्हायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. त्यानं दोनदा सीडी हातात घेतली, दोनदा खाली ठेवली.

"तू हात लावलास का याला?" त्यानं बायकोला विचारलं.

"लावला तं," कमळा म्हणाली. "खंडेनवमीला उघडून पुसली. पुजायची मशीन घाणेरडी ठेवायची काय? आतला गोल सेल बी काढून पुसला, परत बसवला. सगल्या बाया तसाच करतात. लूमवाले न्हाय का दसऱ्याला लूम खोलून पुसत?"

ओरडता ओरडता तो त्या सेलवर अडला. सेल निघाला की मशीन आपली सेटिंग विसरतं. म्हणूनच त्या सातांवरही तारीख चुकलेली होती. म्हणजे डिस्क चालवायची पद्धतही बदलली असणार, आणि त्या पद्धतीचा ड्रायव्हर आत बसलेल्या विंडोजकडे नाही. डिस्क ठणठणीत होती. विंडोजला तिच्यापर्यंत पोचता येत नव्हतं, एवढंच.

सेटिंगमध्ये शिरून त्यानं डिस्कच्या पद्धतीसमोर 'एएचसीआय'च्या जागी पहिल्यासारखं 'आयडीई' केलं. दोन मिनिटांचं काम. विंडोज उघडलं, त्यानं धवळे लावले, आणि राहीबाईचा आवाज घरभर झाला. केसरीनाथ पोरासारखा रडला.

तेवढ्यात मोबाईल वाजला. निजामपुऱ्याचे लूममालक गुलाम हुसेन. परवाच त्यांचं मशीन फॉरमॅट करून दिलं होतं.

"केसरीनाथभाई, एकदम मस्त चालतंय! फक्त आमच्या मरहूम मुलीचे, हबीबाचे, फोटो गेले. ती गेल्यावर तेवढेच उरले होते. दसऱ्याला कारीगरांनी खोलून पुसलं ना, फार शिव्या दिल्या मी त्यांना. जाने दो. तुम्ही तर मेहनत केलीत. आमचंच नशीब."

चूक माझी, असं म्हणायला केसरीनाथनं श्वास घेतला. मागे आई गात होती.

"हो," तो म्हणाला, "नशीबच."