बिनकामाचा भार

ताई गेली, आणि दाजींनी तिचा बंद पडलेला कॉम्प्युटर उघडून त्यातला पॉवर सप्लाय काढला. दाजींचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. टेबलावर बारा व्होल्ट लागतातच, मग नवा कशाला घ्यायचा, असं त्यांचं म्हणणं. रडणं-बिडणं काही नाही. माझंच डोकं फिरलं आणि मी न कळवता दुकानात जाऊन धडकलो.

तो चालू करायला त्यांनी त्याची हिरवी तार काळ्या तारेला जोडली. पंखा गर्रकन फिरला आणि थांबला. पुन्हा तेच.

"मेलाय तो, दाजी. फेका आता!"

"मेला नाही. त्याच्यावर भार नाहीये."

त्यांनी त्याच्या पाच व्होल्टच्या तारेवर एक जाडजूड रेझिस्टर जोडला. पंखा फिरत राहिला. मी रेझिस्टरला हात लावला तर चटकाच बसला.

"हा करतो काय?"

"काही नाही. नुसता तापतो. पण तो नसला की हा बंद पडतो."

दुपारी त्यांनी पिशवीतून दोन डबे काढले. ताई ऑफिसला न्यायची, तो त्यांनी माझ्यापुढे सरकवला. अजून कोमट होता.

"मी येणार हे कसं कळलं तुम्हाला?"

"कुठे कळलं? रोज दोन्ही भरतो," म्हणाले आणि जेवायला लागले.